अकरा नंबरची रिकामी ओळ

संपादकांनी फोन करून कामाच्या आठवणी मागितल्या, तेव्हा मी म्हटलं, आठवणी रिटायर झालेल्या माणसांकडे मागा. मी एकोणतीस वर्षांची आहे. माझं काम पत्रकं लिहिणं, वाटणं आणि त्यावरून लोकांशी भांडणं. ते म्हणाले, "मग भांडणाचंच लिहा." म्हणून लिहिते आहे. ज्यांना दिवाळीत गोडच हवं असेल त्यांनी हे पान उलटावं, माझा राग नाही.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आमची संघटना वस्त्यांचं काम करते. वस्ती म्हणजे गायरानावर, रस्त्याकडेला, कालव्याकडेला पिढ्यानपिढ्या राहणारी आणि कागदावर कुठंच नसणारी माणसं. तीन पिढ्या एका जागी राहिलेल्या म्हातारीला कुठलातरी साहेब विचारतो, "तुम्ही इथं कधीपासून?" म्हातारी म्हणते, "जलमापास्नं." साहेब म्हणतो, "पुरावा?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधणं म्हणजे माझी नोकरी. शाळेचा दाखला, देवीच्या लसीची नोंद, जुनं रेशनकार्ड, लग्नपत्रिका, जे मिळेल ते. आणि ते मिळेपर्यंत गप्प बसायचं नाही, म्हणून पत्रक.

पत्रक लिहायचे नियम मला आमच्या थोरल्यांनी शिकवले. पहिल्या ओळीत शत्रू. दुसऱ्या ओळीत मागणी. तिसऱ्या ओळीत वार, वेळ, ठिकाण. खाली हवं ते लिहा, तिथपर्यंत कुणी वाचत नाही. चौथा नियम मी स्वतः शिकले, सोमेश्वरनगरला, ऊसतोड्यांच्या तळावर. पिण्याच्या पाण्याच्या मागणीचं झणझणीत पत्रक लिहून मी कोपीकोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीझोपडीत, वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बघते तर एका कोपीला ते आतून लावलेलं, फटीतनं वारा येऊ नये म्हणून. कोपीतली बाई म्हणाली, "कागद लय चांगला हाय ताई. जाड हाय. आजून हाय का?" तेव्हापासून कुठलंही पत्रक आधी उभं राहून मोठ्यानं वाचते आणि मगच वाटते. बाहेरच्यांना हे काम म्हणजे घोषणा वाटतात. खरं तर अर्धं काम वाचून दाखवण्याचं आहे. हे मी इथंच सांगून ठेवते, कारण पुढं एका बाईनं मला याच कामात हरवलं.

लासुर्ण्याहून कालव्याच्या कडेकडेनं गेलं की उसाच्या मधोमध एक छोटं दगडी चर्च दिसतं. त्याच्या पाठीमागं अठ्ठावीस घरं आणि एक दफनभूमी. आसपासची माणसं या वस्तीला 'कॅम्प' म्हणतात. इंग्रजांच्या काळात नीरेचा डावा कालवा खोदला तेव्हा इथं साहेबांचे तंबू होते, त्यावरून ते नाव. दुष्काळ होता. गावोगावची माणसं भाकरीसाठी खोदायला आली आणि तंबूंच्या मागं पालं टाकून राहिली. पुण्याहून महिन्यातून एकदा एक पाद्री घोड्यावर यायचा. इंग्लंडच्या राणीचा जो पंथ, त्याच अँग्लिकन पंथाचा. तो आधी साहेबांची उपासना घ्यायचा, मग मजुरांची. मजुरांपैकी काहींनी बाप्तिस्मा घेतला. कालवा झाला, तंबू उठले, साहेब गेले. मजूर राहिले. खोदकामात निघालेल्या दगडांचं ते चर्च त्यांच्याच हातचं आहे. घंटा म्हणजे मातीच्या ट्रॉलीच्या रुळाचा एक तुकडा, लोखंडी दांड्यानं वाजवायचा. आजही तोच वाजतो.

या वस्तीला पाटबंधारे खात्याची नोटीस आली. कालव्याकडेचा रस्ता रुंद करायचा होता आणि नोटिशीत लिहिलं होतं, की सदर घरं म्हणजे कालव्याच्या हद्दीतलं अलीकडचं अतिक्रमण असून ती काढून घ्यावीत. अठ्ठावीस घरं. त्यातल्या कुणाकडंही दुसरीकडं गुंठाभर जागा नव्हती.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा चर्चची किल्ली कमरेला लावलेले दाऊद आबा बाहेर चुना कालवत बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी माझी ओळख करून दिली, संघटनेचं नाव सांगितलं, नोटिशीविरुद्ध लढायचं म्हणाले.

"गाव कंचं तुजं?"

"वरकुटे."

"म्हंजी आमच्यातली न्हाईस."

"नाही."

"बरं हाय," आबा म्हणाले. "आमच्यातली आली आस्ती तर आधी चर्चच्या कमिटीत कोन बसनार त्यावरनं भांडली आस्ती. धर ही बादली."

पहिला तास मी चुना लावला. नाताळच्या आधी एकदा आणि नोव्हेंबरात एकदा, असा वर्षातून दोनदा सगळा परिसर पांढरा होतो. दफनभूमीच्या मधून एक बुटकी भिंत गेली आहे. भिंतीच्या अलीकडे साहेबांच्या सहा कबरी, कोरीव दगड, त्यावर इंग्रजी अक्षरं. पलीकडे वस्तीची माणसं. त्यांच्या डोक्याशी कालव्यातला एकेक ओबडधोबड दगड, त्यावर काही नाही. मेल्यावरसुद्धा भिंत. हे बघून माझं डोकं असं फिरलं, की मी तिथंच मनात पत्रक लिहायला लागले. आबा मात्र भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच चुना लावत होते.

साहेबांच्या सहांतली एक कबर अगदी लहान आहे, इंजिनिअर साहेबाच्या तान्ह्या मुलीची. तिच्यावरच्या अक्षरांत चुन्याचे थरावर थर बसलेले. मी ते खिळ्यानं कोरून काढले आणि तारीख सापडल्यावर मला वाटलं, जिंकलो. एवढा जुना पुरावा माझ्या आख्ख्या कामात कधी मिळाला नव्हता. बारामतीला भिगवण चौकाजवळ आमचा नेहमीचा छापखाना आहे. लग्नपत्रिकांचा उरलेला गुलाबी कागद तो आम्हाला देतो. त्या गुलाबी कागदावर मी मोठ्या टायपात छापलं: 'ब्रिटिशकालीन चर्च वाचवा. ऐतिहासिक कबरी वाचवा. हा आपला वारसा आहे.' खाली त्या तान्ह्या मुलीची गोष्ट.

पत्रक गाजलं. बारामतीची कॉलेजची मुलं फोटो काढायला आली. कुणीतरी व्हिडिओ केला. मी भिंतीवर बसून तीन मुलाखती दिल्या. अजून आठवलं की कान गरम होतात.

कारण तीन आठवड्यांनी खात्याचं उत्तर आलं. अत्यंत नम्र भाषेतलं. नागरिकांच्या भावनांचा आदर करून ब्रिटिशकालीन चर्च आणि ऐतिहासिक कबरी यांचं जतन करण्यात येईल, त्यांना कुंपण घालण्यात येईल, माहितीचा फलक लावण्यात येईल. वारशाच्या परिसराची शोभा राखण्यासाठी भोवतालची घरं आधी हलवण्यात येतील. 'हा आपला वारसा आहे' हे माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं उचललं होतं.

मी ते पत्र चर्चच्या पायरीवर वाचून दाखवलं. मग मार्थाबाई बोलल्या. मार्थाबाई म्हणजे दाऊद आबांची थोरली बहीण. लासुर्ण्याच्या शेतांत जन्मभर खुरपणी केलेली, चौथीपर्यंत शिकलेली, आणि वस्तीतल्या एकूण एक माणसाला तोंडावर बोलणारी.

"म्हंजी दगडं ऱ्हायली आन मानसं गेली," त्या म्हणाल्या. "पोरी, तू कुनाच्या बाजूची?"

"मावशी, माझं चुकलं."

"चुकलं ते दिसतंयच. पत्रकात आमचं नाव कुठं हाय? सायबाची लेक हाय, सायेब हाय, घंटा हाय. आमी कुठं हाय?"

पत्रक माझ्या हातातच होतं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. वस्तीतल्या एकाही माणसाचं नाव त्यात नव्हतं. ज्या भिंतीचा मला एवढा राग आला होता तिच्या अलीकडच्या बाजूला बसून मी ते लिहिलं होतं. पाच वर्षं वस्त्यांचं काम करणारी मी.

सुनावणीची तारीख मागून घेतली. आता साहेबांचा नव्हे, वस्तीचा पुरावा हवा होता. इथं माणसं कालव्याच्या काळापासून सलग राहतात असं दाखवणारं काहीतरी. शाळेचे दाखले दोन पिढ्यांपलीकडे जाईनात. मी हात टेकायच्या बेतात होते तेव्हा आबा म्हणाले, "आक्काची वही बगितली का?"

आक्का म्हणजे मार्थाबाई, आणि त्यांची वही समजण्यासाठी वस्तीची एक रीत सांगावी लागेल. नोव्हेंबरच्या दोन तारखेला मेलेल्या माणसांचा सण असतो. वस्ती त्याला 'नावांचा दिवस' म्हणते. संध्याकाळी सगळे दफनभूमीत जमतात, प्रत्येक दगडापाशी मेणबत्ती लावतात, आणि मार्थाबाई पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांची नावं मोठ्यानं वाचतात. नंबर, नाव, काम, राहणार. 'एक. भागी. मजुरीण. कॅम्प.' अशी. प्रत्येक नावाला घरचं कुणीतरी 'हाय' म्हणतं. घरचं कुणी उरलं नसेल तर सगळे मिळून 'हाय' म्हणतात.

ही यादी पूर्वी वस्तीतल्या धर्मशिक्षकानं लिहून ठेवलेली. पाद्री महिन्यानं येणार, तोवर कोण गेलं ते लक्षात राहावं म्हणून. ती वही जीर्ण झाली की नवीन वहीत उतरवायची. मार्थाबाईंच्या हातची चौथी. शाळेची दोनशे पानी वही, वर मोराचं चित्र, आत निळ्या बॉलपेननं वाटोळं अक्षर. उतरवायचा नियम एकच: नंबर हलवायचा नाही.

मी ती वही दोन दिवस मागून घेतली आणि टाइप केली. माझ्यासारख्या बाईला अशी यादी हातात आली की ती नीटनेटकी करावीशी वाटते. दहा नंबरनंतर एक गोष्ट खटकली. 'अकरा' असं लिहिलेलं आणि पुढं काहीच नाही. ओळ कोरी. त्यानंतर बारा. मला वाटलं, मार्थाबाईंची चूक. मी बाराला अकरा केलं, तेराला बारा, आणि शेवटपर्यंत सगळे नंबर एकानं वर सरकवून यादी खात्याच्या कार्यालयात दाखल केली. मग मोठ्या अभिमानानं ती छापील यादी वस्तीत वाचून दाखवायला घेतली. दहापर्यंत ठीक चाललं. मी 'अकरा. शांताबाई' म्हणाले आणि मार्थाबाईंनी हात वर केला.

"थांब. आकरा कुठं गेला?"

"मावशी, अकराला नाव नव्हतं. कोरी ओळ होती."

"मग कोरी वाचायची."

"कोरी कशी वाचणार?"

"गप ऱ्हायाचं," त्या म्हणाल्या. "आकरा म्हनायचं आन गप ऱ्हायाचं. एक मेनबत्ती लावायची. माझ्या सासूनं तसंच केलं, तिच्या सासूनं तसंच केलं."

"पण कुणासाठी?"

"ते म्हायती आस्तं तर नाव नसतं का लिवलं? तुला शाळेत शिकवलं न्हाय व्हय, की उतरवताना उतरवायचं, शानपना करायचा न्हाय?"

आबा कोपऱ्यात हसत होते. "आक्का, ती पत्रकवाली हाय. तिला मोकळी जागा दिसली की छापावंसं वाटतं."

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज दिला. सुनावणी घेणारे साहेब मध्यमवयीन, शांत, कागद डोळ्यांजवळ धरून वाचणारे. त्यांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या.

"मॅडम, तुमचे पूर्वज दर आठवड्याला नंबर बदलतात का?"

"चूक माझी आहे, वहीची नाही."

"वही बॉलपेननं लिहिलेली आहे. तुम्ही म्हणता शंभर वर्षांपूर्वीची नोंद. मूळ कुठं आहे?"

"नक्कल आहे."

"नक्कल कशाची, तेच विचारतो आहे. मूळ आणा. पुढच्या तारखेपर्यंत. नाहीतर मला नोटीस कायम करावी लागेल."

त्यांनी तोंड वाकडं केलं असतं तर मी भांडले असते. ते रास्त बोलत होते, म्हणून जास्त लागलं. आणि त्यांच्या मनात वहीबद्दल संशय पेरला होता तो मी. अठ्ठावीस घरं आता माझ्या नीटनेटकेपणापायी जाणार होती.

त्या रात्री वरकुट्याला घरी होते. आमच्या तात्यांची, म्हणजे वडलांची, डाळिंबं आणि टोमॅटो आहेत. ते क्रेट भरताना माझ्याशी बोलतात, एरवी फारसं नाही. मी सगळं सांगितलं. तात्या म्हणाले, "सायबाचा पाद्री म्हंजी सरकारी मानूसच. सरकारी मानूस एका कागदाव थांबत न्हाय. एक हितं ठिवला आसंल, एक वर धाडला आसंल. वर बघ."

चर्चच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे आताच्या पाद्र्यांनी, त्याला दुजोरा दिला. ते महिन्यातून एकदा मोटारसायकलवर कॅम्पला येतात, घोड्याऐवजी. त्यांनी समजावलं, की इंग्रज पाद्र्याला बाप्तिस्मा, लग्न, दफन या तिन्हींच्या नोंदी ठरलेल्या रकान्यांत कराव्या लागत, आणि त्यांची प्रत वरिष्ठांकडं पाठवावी लागे. जुन्या प्रतींपैकी काही पुण्यात एका मोठ्या चर्चच्या खोलीत आहेत. त्यांनी चिठ्ठी दिली.

त्या खोलीची किल्ली सॅम्युएल काका नावाच्या निवृत्त शिक्षकांकडे होती. त्यांनी चिठ्ठी वाचली, माझे हात बघितले आणि धुऊन यायला सांगितलं. धुऊन आले. पुन्हा बघितले.

"काय हवं आहे?"

"नीरा कालव्याच्या कॅम्पच्या दफनाच्या नोंदी."

"कुणाच्या? युरोपियन की नेटिव्ह?"

"दोन वेगळ्या आहेत?"

"तुम्हाला काय वाटलं?" ते शांतपणे म्हणाले आणि दोन वस्तू आणून ठेवल्या. एक जाड, कातडी बांधणीचं, कडेला सोनेरी रेघ असलेलं पुस्तक. दुसरी पातळ, दोऱ्यानं शिवलेली, कोपरे वाळवीनं खाल्लेली वही. भिंत इथवर आली होती. कागदातही अलीकडे आणि पलीकडे.

मी पातळ वही उघडली. तिरकं इंग्रजी अक्षर मला लागेना. काकांनी भिंग दिलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. एकेक ओळ ते वाचत आणि मी मार्थाबाईंच्या वहीत बोट ठेवत जात होते. एक. भागी. मजुरीण. राहण्याचं ठिकाण, कॅनाल कॅम्प. दोन जुळलं. तीन जुळलं. चार नंबरला इंग्रजीत नाव चुकलं होतं, मार्थाबाईंचं बरोबर होतं. दहापर्यंत आलो. काका थांबले.

"अकरा खोडलेलं आहे."

दोन सरळ रेघा मारल्या होत्या. खालचं अक्षर तरीही वाचता येत होतं. 'रावजी. मजूर. कॅनाल कॅम्प.' आणि कडेला, बारीक अक्षरात: 'दफन झालं नाही. भावानं प्रेत वरकुट्याला नेलं.'

पाद्री महिन्यानं आला असणार. धर्मशिक्षकानं सांगितली तशी नावं लिहून घेतली असणार, आणि मग कुणीतरी सांगितलं असणार, की या माणसाला त्याच्या भावानं आपल्या गावी, आपल्या रीतीनं अग्नी द्यायला नेलं. पाद्र्यानं ओळ खोडली. वस्तीतल्या धर्मशिक्षकानं नाव लिहिलं नाही, पण नंबर ठेवला. पालात शेजारी झोपणारा माणूस होता तो. त्याची जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. चार वह्या उतरल्या, उतरवणारे हात बदलले, कारण कुणाला आठवेनासं झालं, आणि ती कोरी ओळ जशीच्या तशी राहिली. ती भरून टाकायचं शहाणपण एवढ्या वर्षांत फक्त मला सुचलं.

"वरकुटे म्हणजे कुठं?" काकांनी विचारलं.

"माझं गाव," मी म्हणाले.

त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला. वहीपासून लांब ठेवून प्यायला सांगितलं.

सुनावणीला पाळकसाहेब प्रमाणित प्रत घेऊन आले. मार्थाबाई आल्या, आबा आले, आणि वस्तीतली मिळून पंधरा-वीस माणसं बाहेर व्हरांड्यात. साहेबांनी एका हाताला पुण्याची प्रत ठेवली आणि दुसऱ्या हाताला मोराची वही. मला बोलू दिलं नाही. मार्थाबाईंना म्हणाले, "आजी, तुम्ही वाचा. मी इथं बघतो."

मार्थाबाई उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला आणि नावांच्या दिवशी वाचतात तशा वाचू लागल्या. व्हरांड्यातून प्रत्येक नावाला 'हाय' आलं. पहिल्या दोन-तीन वेळा शिपाई दचकला. साहेबांचं बोट प्रतीवरून सरकत होतं. दहा झालं. मार्थाबाई म्हणाल्या, "आकरा." आणि गप्प राहिल्या. व्हरांडाही गप्प. साहेबांचं बोट खोडलेल्या ओळीवर थांबलं होतं. त्यांनी मान वर करून आजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्या ओळीकडे.

"बारा," मार्थाबाई म्हणाल्या.

शेवटपर्यंत वाचायची गरज नव्हती, पण साहेबांनी थांबवलं नाही. आबांच्या वडलांचं नाव आलं, मार्थाबाईंच्या सासूचं आलं, गेल्या वर्षी गेलेल्या त्यांच्या मुलाचं आलं. तिथंही त्यांचा आवाज तसाच. नाव, काम, राहणार कॅम्प. सगळ्यांपुढं एकच पत्ता.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

मी एकच गोष्ट दाखवली. पहिल्या नावाची तारीख. भागी मजुरीण गेली तेव्हा कालव्यात पाणी सुटलं नव्हतं. पाणी सुटायच्या आधी या मातीत माणूस पुरला गेला होता. "साहेब," मी म्हटलं, "अतिक्रमण कुणी कुणावर केलं ते तुम्ही ठरवा."

"मॅडम, हे पत्रक नाही," ते म्हणाले. पण लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी आदेश आला. वस्ती कालव्यात पाणी सुटण्याआधीपासून सलग असल्याचं नोंदींवरून दिसतं, नोटीस मागं घेण्यात येत आहे, रस्त्याची रुंदी पलीकडच्या काठानं घ्यावी. आबांनी आदेशाची प्रत चर्चमध्ये, आत येताच दिसेल अशी लावली. मी म्हटलं, जागा अजून तुमच्या नावावर नाही, ती लढाई वेगळी आहे. ती अजून चालू आहे आणि माझ्या मते लाजिरवाणी लांबली आहे. आबा म्हणाले, "ते लढू की. आता घरात बसून लढू."

माझ्या कामात जिंकण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याएवढे. बहुतेक वेळा आम्ही नुकसान थोडं कमी करतो आणि त्याला विजय म्हणतो. हा खरा विजय होता आणि मला त्याचा अभिमान आहे, भरपूर आहे, नम्रपणा मला जमत नाही. तरी हिशेब सरळ ठेवायचा तर वस्ती माझ्या पत्रकानं वाचली नाही. माझ्या पत्रकानं ती जवळजवळ घालवली होती. वस्ती वाचली ती चौथी शिकलेल्या बायकांनी नंबर न हलवल्यामुळं. तेव्हापासून मी पत्रक लिहिताना चौथ्या ओळीत माणसांची नावं घालते, आणि ती पूर्ण घालते. थोरले म्हणतात, पत्रक लांब होतं. होऊ दे.

नंतरच्या नावांच्या दिवशी मी कॅम्पला गेले. तात्यांना बरोबर नेलं. ते मधल्या भिंतीपाशी टोपी हातात घेऊन उभे राहिले. मार्थाबाईंनी साहेबाच्या तान्ह्या मुलीच्या कबरीवरही मेणबत्ती लावली. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "तिची आई बोटीनं गेली. लेकरू हितंच ऱ्हायलं. आमी न्हाय बघायचं तर कोन?"

मग वाचन सुरू झालं. आता अकराचं नाव सगळ्यांना माहीत होतं. वस्तीत त्यावर महिनाभर वाद झाला होता. तरुण पोरं म्हणत, नाव सापडलं आहे तर वहीत लिहा. आबा म्हणत, तो इथं पुरलेला नाही, त्याचं नाव इथं कसं? काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

"धा. येसूबाई. मजुरीण. कॅम्प."

"हाय."

"आकरा," मार्थाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. मेणबत्तीच्या उजेडात मला वही दिसत होती. ओळ कोरीच होती. त्यांनी वहीवरून मान वर केली.

"पोरी, वरकुट्यानं न्हेला त्येला. आमच्या वहीत त्यो न्हाय. तुमच्याकडनं कुनी नाव घेनार आसंल तर घ्या. न्हायतर आमी हाय तसं गप ऱ्हातो."

मेगाफोनवर हजार माणसांपुढं बोललेली मी. वळून तात्यांकडे पाहिलं. मागून तात्या पुढं आले.

"रावजी," ते म्हणाले. "ऱ्हानार वरकुटे."

"हाय," सगळी वस्ती म्हणाली.

मार्थाबाईंनी पान उलटलं नाही, काही लिहिलं नाही. बोट एक ओळ खाली सरकवलं.

"बारा."